क्रँक टिकतो कशाने? बीएमएक्स सायकल घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

व्यापारात 'मजबूत' हा शब्द जितका स्वस्त झाला आहे तितका दुसरा कोणताही शब्द झालेला नाही. कापडाच्या पेठेत प्रत्येक ताका मजबूत असतो, भांड्यांच्या दुकानात प्रत्येक कढई मजबूत असते आणि सायकलीच्या दुकानात तर मजबूत नसलेली सायकल मिळतच नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. सुताचा नंबर, विणीची दाटी आणि रंगाचा पक्केपणा पाहून माल घेत-देत आलो. त्यामुळे कोणी मजबुतीचा दावा केला की आम्ही तीन सवाल विचारतो. ताण कोठे पडतो? किती वेळा पडतो? आणि तो झेलणारी जागा कशी बनवली आहे? या तीन सवालांची उत्तरे ज्या दुकानदाराकडे आहेत त्याचा माल पाहण्यासारखा असतो. बाकी सारी तोंडाची मजबुती.

याच तीन सवालांनी आज एका वेगळ्या जिनसेकडे पाहावे असा आमचा विचार आहे. ही जिन्नस म्हणजे बीएमएक्स सायकलीचा क्रँक. वाचक म्हणतील, कापडवाल्याला सायकलीशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतून मुले आता वीस इंची चाकाची, बुटकी, जाड टायरची बीएमएक्स मागू लागली आहेत. परदेशातील पोरांच्या कसरती ती मोबाइलवर पाहतात आणि तशाच उड्या गल्लीतल्या ओट्यावरून मारतात. बाप पैसे मोजतो, दुकानदार 'मजबूत आहे' म्हणतो आणि मुलाचे पूर्ण वजन एका लोखंडी दांडीवर येऊन पडते. ती दांडी दगा देते तेव्हा मुलाची हनुवटी हँडलवर आपटते, नडगी फुटते, दात जातात. सायकलीचा दुसरा एखादा भाग बिघडला तर सायकल थांबते. क्रँक मोडला तर स्वार पडतो. म्हणून हा मामला नीट समजून घेण्यासारखा आहे.

भार किती पडतो?

पायडलपासून मधल्या एक्सलपर्यंत जी दांडी असते तिला क्रँक म्हणतात, हे सांगायला नको. बीएमएक्समध्ये या दांडीची लांबी बहुधा १७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात इंच असते. पायाचा दाब एका टोकाला आणि आधार दुसऱ्या टोकाला, अशी ही तरफ आहे. सत्तर किलोचा माणूस एका पायडलवर नुसता उभा राहिला तरी एक्सलजवळ सव्वाबारा किलोग्रॅम-मीटर इतका पीळ पडतो. साध्या सायकलीला एवढे झेलता आले की पुष्कळ झाले.

उडी मारणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. समजा, हाच माणूस दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरला. त्याने गुडघे वाकवून, टायर दबून, एकूण तीस सेंटिमीटर अंतरात आपला वेग जिरवला. साध्या गणिताने त्या क्षणी सरासरी जोर त्याच्या वजनाच्या सहापट होतो. म्हणजे चारशे वीस किलो. स्वाराने गुडघे ताठ ठेवले आणि अंतर निम्मे झाले तर तोच जोर अकरापटीवर जातो. हे सरासरीचे आकडे झाले. क्षणभराचा शिखरभार याहून वरच असतो. उताराच्या ठिकाणी उतरले तर भार पुष्कळ कमी होतो. कसरतीची मैदाने उतरणीची बांधतात, त्यामागे हेच कारण आहे. गल्लीतला ओटा मात्र सपाट जमिनीवरच सोडतो.

आता आणखी एक बारकावा पाहा. उतरताना स्वार दोन्ही पायडले जमिनीला समांतर धरतो. एक पाय पुढे, एक मागे. दोन्ही पाय खाली दाब देतात. पुढचा पाय एक्सल पुढे फिरवू पाहतो, मागचा पाय तोच एक्सल उलट फिरवू पाहतो. साखळीवर काहीच जोर येत नाही, पण एक्सल मात्र ओले कापड पिळावे तसा दोन्ही बाजूंनी पिळला जातो. वरच्या उदाहरणात प्रत्येक पायावर दोनशे दहा किलो धरले, तर एक्सलमधला पीळ सुमारे सदतीस किलोग्रॅम-मीटर होतो. नुसत्या उभे राहण्याच्या तिप्पट. क्रँक आणि एक्सल यांच्या सांध्यावर पडणारा खरा ताण हा आहे. पहिल्या सवालाचे उत्तर येथे मिळाले.

खेळ कोठून आला?

हा खेळ अमेरिकेतला. १९६३ साली श्विन कंपनीने 'स्टिंग-रे' नावाची वीस इंची चाकाची मुलांची सायकल बाजारात आणली. दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले १९७० च्या सुमारास त्याच सायकली घेऊन धुळीच्या मैदानांवर मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल करू लागली. १९७१ साली ब्रूस ब्राऊन यांचा मोटारसायकलींवरील 'ऑन एनी संडे' हा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीलाच मुले अशा सायकली धुळीत पळवताना दिसतात. खेळ झपाट्याने पसरला. १९८२ च्या 'ई. टी.' चित्रपटाने ही सायकल जगभर दाखवली. १९९५ साली अमेरिकेत एक्स गेम्स सुरू झाले, त्यांत बीएमएक्सच्या कसरती होत्या. २००८ साली बीजिंगला बीएमएक्स शर्यत ऑलिंपिकमध्ये आली आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कसरतींनाही जागा मिळाली.

आमच्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, मुलांची खेळण्यातली सायकल आणि तिच्यावर पडणारा मार यांचा मेळ पहिल्या दिवसापासून नव्हता. फ्रेम वाकत होती, चिमटा तुटत होता, क्रँक वळत होते. सायकल बनवणाऱ्याने जे काम मनात धरले होते त्यापेक्षा फार अवघड काम गिऱ्हाईक तिच्याकडून घेत होते. पोशाखाच्या कापडाची ताडपत्री केली तर जे होईल तेच झाले.

एका सळईचा क्रँक

त्या सायकलींना एकसंध क्रँक असे. पोलादाची एकच जाड सळई तापवून, ठोकून इंग्रजी 'एस'सारखी वळवायची. डावी दांडी, मधला एक्सल आणि उजवी दांडी सारे एकाच तुकड्यात. ओहायो राज्यातील अॅश्टाब्युला गावच्या कारखान्यावरून अमेरिकेत याला 'अॅश्टाब्युला क्रँक' म्हणत. या बनावटीची एक खुबी आहे. तिला सांधाच नाही, त्यामुळे सांधा सैल होण्याचा प्रश्न नाही. स्वस्तही पडते. आजही मुलांच्या स्वस्त सायकलींना हाच क्रँक असतो.

मग वाईट काय? सळई भरीव आहे, म्हणून जड आहे. पण जड असून मऊ आहे. साध्या पोलादाची असली तर जोराच्या दणक्याने वाकते. एकदा वाकली की पायडल वाकडे फिरते, पाय सरळ पडत नाही, आणि सरळ करायला गेले की धातू त्याच जागी आणखी कमजोर होतो. पायडलचा आटाही अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा असतो. तुकड्यांच्या क्रँकला हाच आटा ९/१६ इंच, म्हणजे १४.३ मिलिमीटर असतो. हा फरक डोळ्यांना लहान दिसतो, पण पायडलची पिन मुळाशी तुटते तेव्हा त्याची किंमत कळते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सगळेच एकसंध क्रँक टाकाऊ नव्हते. जपानच्या ताकागी आणि सुगिनो कंपन्यांनी क्रोमोली पोलादाचे ठोकीव एकसंध क्रँक बनवले आणि १९८० च्या दशकात ते चांगले नावाजले. म्हणजे आकार तोच, पण धातू आणि काम वेगळे. एकाच नावाच्या दोन मालांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको.

क्रोमोली आणि पोलादाला दिलेले पाणी

'क्रोमोली' हा शब्द दुकानात वारंवार कानावर येईल, म्हणून त्याचा अर्थ पाहू. हे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद. या धंद्यात ४१३० नंबरचे पोलाद जास्त चालते. त्यात कार्बन सुमारे ०.३ टक्के, क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असते. इतक्या थोड्या मिसळीने मोठा फरक पडतो. साधे पोलाद चौरस मिलिमीटरला चाळीस किलोच्या आसपास ताण घेऊन तुटते. ४१३० साध्या अवस्थेत सुमारे अडुसष्ट किलो घेते. त्याला नीट पाणी दिले, म्हणजे तापवून विझवले आणि पुन्हा बेताने तापवून निववले, तर हा आकडा शंभराच्या वर जातो.

पाणी देण्याची ही कला लोहाराला ठाऊक आहे. फाजील कडक झाले तर पोलाद काचेसारखे तडकते, कमी पडले तर वाकते. चांगल्या क्रँकमध्ये आणखी एक काळजी घेतात. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळच्या धातूचे पाणी उतरते. म्हणून चांगले कारखाने सर्व जोडकाम झाल्यावर अख्ख्या क्रँकला पाणी देतात. नळ्यांना आधी पाणी देऊन नंतर जोड मारला, तर नेमकी जोडाची जागा मऊ राहते, आणि ताण तर तेथेच सर्वांत जास्त असतो. तेव्हा नुसते 'क्रोमोली' एवढे ऐकून समाधान मानू नये. 'जोडल्यावर पाणी दिले आहे काय?' हा खरा सवाल आहे.

नळीचा हिशेब

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या रेडलाइन कंपनीचे लिन कॅस्टन यांनी बीएमएक्ससाठी क्रोमोलीच्या नळ्यांचे सुटे भाग बनवायला घेतले. आधी चिमटे, मग क्रँक. फ्लोरिडातील प्रोफाइल रेसिंग ही कंपनी मूळची शर्यतीच्या मोटारगाड्यांच्या चौकटी बनवणारी. नळी कापणे आणि जोडणे हाच तिचा धंदा. तिनेही या क्रँकमध्ये लक्ष घातले आणि आजही ती अमेरिकेतच क्रँक बनवते. भरीव सळईच्या जागी पोकळ नळी आली आणि सारा हिशेब बदलला.

पोकळ वस्तू भरीव वस्तूपेक्षा मजबूत कशी, असे कोणाला वाटेल. आकडे पाहा. १९ मिलिमीटर जाडीची भरीव सळई घेतली तर तिचे छेदक्षेत्र सुमारे २८३ चौरस मिलिमीटर भरते. आता २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच व्यासाची आणि २ मिलिमीटर जाड भिंतीची नळी घ्या. तिचे छेदक्षेत्र फक्त १४७ चौरस मिलिमीटर. म्हणजे धातू जवळजवळ निम्मा. तरीही त्याच पोलादात वाकण्याला विरोध करण्याची नळीची ताकद सळईपेक्षा सुमारे एकोणीस टक्के जास्त निघते. कारण साधे आहे. दांडी वाकते तेव्हा ताण बाहेरच्या कडेवर पडतो, मध्यभागातला धातू जवळपास फुकट बसून असतो. नळीत तोच धातू मध्यातून काढून कडेला नेलेला असतो. बांबू पोकळ असून वाऱ्यात उभा राहतो, तो याच न्यायाने.

कापडातही हेच आहे. खळ चढवून कापड जड करता येते. हाताला भरगच्च लागते, तराजूत वजन भरते. पण पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि उरते ते सूत. जड माल म्हणजे मजबूत माल, ही समजूत गिऱ्हाईकाने जितक्या लवकर सोडावी तितके बरे.

खरी परीक्षा सांध्याची

नळी आली, पण तिच्याबरोबर सांधाही आला. दोन दांड्या आणि एक एक्सल, असे तीन तुकडे. हे तुकडे एकमेकांना कसे धरतात यावर सगळे अवलंबून आहे.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीला कॉटर पिनचा क्रँक असतो. पाचरीसारखी पिन ठोकून दांडी एक्सलवर बसवतात. रोजच्या कामाला ठीक. पण पिन झिजली की पायडलला टकटक झटका बसतो, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दुसरा प्रकार चौकोनी टोकाचा. एक्सलचे टोक चौकोनी, निमुळते. त्यावर दांडी बोल्टने आवळतात. हा साध्या सायकलीला उत्तम, पण वर सांगितलेला दोन्हीकडचा पीळ वारंवार बसला की चौकोनाचे कोपरे गोल होऊ लागतात.

बीएमएक्सच्या पक्क्या क्रँकमध्ये एक्सलच्या टोकाला गिअरसारखे दाते कापलेले असतात आणि दांडीच्या डोक्यात तशाच खाचा. प्रोफाइलच्या प्रसिद्ध बनावटीत १९ मिलिमीटरच्या एक्सलवर अठ्ठेचाळीस बारीक दाते असतात. पीळ चार कोपऱ्यांऐवजी अठ्ठेचाळीस जागी वाटला जातो. स्वस्त मालात आठ मोठे दाते असतात. ते वाईटच असे नाही, पण बसवणीत किंचित ढिलाई राहिली की लवकर खेळू लागतात. दात्यांची संख्या कितीही असो, ते एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत, सहज हाताने सरकून बसता कामा नयेत. सैल सांध्यात लोखंड लोखंडाला खाते.

पुढे एक्सलही जाड आणि पोकळ झाले. १९ ऐवजी २२ किंवा २४ मिलिमीटर व्यास, मध्ये भोक. नळीचा तोच हिशेब येथेही लागू पडतो. काही बनावटींत एक दांडी एक्सलला कायमची जोडलेली असते आणि दुसरी तेवढी सुटते.

थकवा : न दिसणारा शत्रू

आता दुसरा सवाल. ताण किती वेळा पडतो?

आमच्या भिवंडी-मालेगावच्या वाचकांना यंत्रमागाचा क्रँकशाफ्ट ठाऊक आहे. दर फेऱ्याला एक बाणा टाकला जातो. मिनिटाला एकशे वीस फेरे धरले, तर आठ तासांच्या पाळीत सत्तावन्न हजारांहून जास्त झटके तो शाफ्ट खातो. तो कधी पहिल्या दिवशी तुटत नाही. वर्षानुवर्षे चालतो आणि एका सकाळी, काहीही जादा भार नसताना, मोडून पडतो. मोडलेला तुकडा उचलून पाहिला तर अर्धी जागा जुनी, गुळगुळीत, काळपट दिसते आणि अर्धी ताजी, चमकदार, खरबरीत. काळी जागा म्हणजे महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेली चीर. चमकदार जागा म्हणजे शेवटचा कडाका.

याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. चांगला आस चालता चालता मोडतो कसा, या सवालाने तेव्हाचे इंजिनिअर हैराण झाले. पुढे जर्मनीचे ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दाखवून दिले की, एका दणक्यात मुळीच न तुटणारा भारसुद्धा पुन्हा पुन्हा पडला तर पोलाद तोडतो. त्यांच्या कामातून हेही कळले की, पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळजवळ कितीही फेरे काढते.

अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान भारही साठत जातो. म्हणून अॅल्युमिनियमचा क्रँक वाईट ठरत नाही. शर्यतीत तो सर्रास वापरतात, कारण तेथे वजन महत्त्वाचे आणि दणके कमी. पण ओट्यावरून, पायऱ्यांवरून, कठड्यांवरून उड्या मारणारे बहुतेक स्वार आजही क्रोमोलीच पसंत करतात. पोलाद बहुधा आधी वाकते, कुरकुरते, इशारा देते. अॅल्युमिनियम तितका इशारा देत नाही.

चीर कोठे पडते हेही ठरलेले असते. पायडलच्या भोकाची कड, दांडी आणि डोके यांच्यामधल्या वेल्डिंगची किनार, आणि एक्सलवर जेथे दाते संपतात ती जागा. कापड जसे शिवणीपाशी आणि काजापाशी आधी फाटते, तसेच धातूही भोकापाशी, कोपऱ्यापाशी आणि जोडापाशी आधी फाटतो. दांडीवर खोल ओरखडा पडला असेल तर तीही नवी शिवणच समजावी.

स्वार कारखानदार झाले

कंपन्यांचा माल टिकेना तेव्हा खेळणाऱ्यांनीच कारखाने काढले, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात क्रिस मोलर आणि त्यांच्या साथीदाराने 'एस अँड एम' सुरू केली. ओक्लाहोमाचे मॅट हॉफमन इतक्या उंच उड्या मारत की बाजारातली कोणतीही सायकल त्यांच्यापुढे टिकत नसे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. जो माल मोडला की स्वतःचे हाड मोडते, तो माल माणूस काळजीने बनवतो.

यात अतिरेकही झाला. सायकली पंधरा किलोहून जड झाल्या. मग २००० नंतर काटा उलटा फिरला. वजन कमी करण्याचा नाद लागला. दातेरी चाके लहान झाली. पुढे ४४ आणि मागे १६ दाते असत, तेथे २५ आणि ९ आले. वेग जवळपास तोच राहिला आणि चाक कठड्याला अडकणे बंद झाले, हा फायदा खरा. पण पुढचे चाक लहान झाल्याने त्याच जोराला साखळीवरचा ताण पावणेदोन पट झाला. त्याबरोबर भोके पाडणे, भिंती पातळ करणे, बोल्ट टिटॅनियमचे करणे सुरू झाले. सायकली दहा किलोच्या आसपास आल्या आणि पुन्हा मोडू लागल्या. शेवटी बाजार मध्यावर, अकरा किलोच्या आसपास, स्थिरावला. जे काढता येत होते ते काढले आणि जे काढायला नको होते ते परत ठेवले. बाजाराला अक्कल येते, पण तिची फी गिऱ्हाईक भरते.

आमच्या बाजारात काय पाहावे?

आपला देश सायकलींचा मोठा देश आहे. लुधियानाच्या हीरो सायकल्सचे नाव १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेस बुकात गेले. तेव्हा कसबाची कमतरता नाही. अडचण आहे ती नावाची. आपल्याकडे वीस इंची चाक आणि जाड टायर असले की सायकलवर 'बीएमएक्स'चा पट्टा चिकटतो. ती सायकल शाळेत जायला आणि मैदानात फिरायला चांगली असेल. उडीसाठी ती बनवलेलीच नसते. 'आंतरराष्ट्रीय मानकाची' असे सांगितले तरी हुरळून जाऊ नये. सायकलींचे जे सर्वसाधारण मानक आहे, आयएसओ ४२१०, त्यात कसरतीच्या वापराला वगळले आहे. युरोपने बीएमएक्ससाठी २०१२ साली वेगळे मानक, ईएन १६०५४, काढले ते उगाच नव्हे.

म्हणून घेताना आधी मुलाला विचारावे, करणार काय? नुसती चालवणार असेल तर एकसंध क्रँक पुरतो आणि पैसे वाचतात. उड्या मारणार असेल तर दुकानदाराला पुढील गोष्टी विचाराव्यात. क्रँक तीन तुकड्यांचा आहे काय? एक्सलला दाते आहेत की चौकोन? पोलाद क्रोमोली आहे काय, आणि फक्त फ्रेमची एक नळी क्रोमोली असून बाकी साधे तर नाही ना? पाणी दिलेले आहे काय? सुटा एक्सल, सुटी दांडी, बेअरिंग मिळते काय? काही परदेशी कंपन्या क्रँक वाकण्या-मोडण्याची जन्मभराची हमी पहिल्या खरेदीदाराला देतात. हमी असेल तर पावती जपून ठेवावी आणि ती हमी आपल्या शहरात कोण पाळणार हे आधीच विचारून घ्यावे. पाळणारा नसेल तर हमी म्हणजे नुसता कागद.

बसवताना आणि वापरताना

उत्तम क्रँकही चुकीने बसवला तर महिन्यात खलास होतो. दात्यांवर थोडे ग्रीस लावून दांडी बोल्टने किंवा योग्य साधनाने खेचून बसवावी. उघड्या हातोड्याने एक्सल ठोकला तर टोक पसरते आणि बेअरिंगवर घाव बसतो. दोन्ही बाजूंचे वॉशर नीट बसवून आडवा खेळ काढावा, मात्र बेअरिंग जाम होईल इतके आवळू नये. पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवा सांधा थोडा बसतोच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने उजवे पायडल तेथे घातले तर दांडीचेच आटे जातात.

पंधरवड्यातून एकदा फडक्याने क्रँक पुसावा आणि वर सांगितलेल्या तीन जागा उजेडात पाहाव्यात. केसासारखी रेघ, रंग उडालेली बारीक ओळ, गंजाचा पातळ धागा दिसला तर तो रंगाचा दोष समजू नये. एक दांडी धरून दुसरी हलवून पाहावी. कटकट आवाज आला तर बोल्ट आवळावा. आवळूनही आवाज राहिला तर दाते गेले आहेत.

शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या आमच्या बांधवांना एक विनंती. वाकलेला क्रँक पाइप घालून सरळ करणे आणि चिरलेल्या क्रँकला गॅसचा जोड मारणे, ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलीला ती चालून गेली असेल. पाणी दिलेल्या क्रोमोलीला जोड मारला की त्या जागेचे पाणी उतरते आणि वरून रंग दिल्यावर तो क्रँक धडधाकट दिसतो. घेणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्याला कळते. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या कामावर एखाद्या मुलाचे पूर्ण वजन हवेतून येऊन पडणार असते. असा क्रँक भंगारात टाकावा आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे की नवा घ्या. त्या दिवशी गिऱ्हाईक नाराज होईल. पण पुढच्या वेळी सायकल घेऊन येईल तर त्याच दुकानात येईल.